ऋतुजाच्या उठाबशा

निनाद आणि मुक्ता,

तुमच्या मामेबहिणीला दिवाळीनंतर नेमकं काय झालं, हे तुम्ही दोघांनी मला वेगवेगळं विचारलंत आणि फोनवर मी दोघांनाही टाळलं. "किडनीला त्रास झाला होता, आता बरी आहे," एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आता ती पुन्हा घरात हिंडूफिरू लागली आहे आणि लिहायची परवानगी तिनंच दिली आहे. अट एकच घातली: "आजी, मला बिचारी करून टाकू नको."

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यातली सगळी माणसं मराठीत बोलली आणि त्यांचं बोलणं मला बदलायचं नाही. अडलं तर आईला विचारा. तिकडे ओळखीत कुणाच्या मुलाला असं काही झालं, तर यातलं उपयोगी पडेल ते त्यांना सांगा.

जिना

ऋतुजा शाळेसाठी माझ्याजवळ बीडला असते. दिलीपमामा आणि संगीतामामी कड्याला शेतीवर. ती नववीत आहे. शाळा खासगी, निकालासाठी नाव असलेली.

एका सकाळी शाळेला निघताना ती जिना उलटा उतरताना दिसली. शिडीवरून उतरतात तशी, तोंड पायऱ्यांकडे आणि कठडा दोन्ही हातांनी धरलेला.

"हे काय गं?"

"कबड्डीची प्रॅक्टिस चाललीय. मांड्या भरून आल्यात."

संध्याकाळी मी तेल कोमट करून दिलं आणि खालच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. या आजारात तीच गोळी मूत्रपिंडाला आणखी त्रास देते, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. मांड्यांना तिनं मला हात लावू दिला नाही. जेवायला खाली न बसता ओट्याशी उभ्यानं जेवली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेलीच नाही. दुपारी आमच्या टाकीतलं पाणी संपलं; नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. त्यामुळं ती संडासातून बाहेर आली तेव्हा पाणी ओतायचं राहिलं, आणि मी ते पाहिलं. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता.

"कधीपासून?"

"कालपासून."

"पाळी आलीय का?"

"न्हाई, आजी." आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्या मुलीला मी इतकी घाबरलेली आधी कधी पाहिली नव्हती. पण ती आजाराला घाबरली आहे, असंच मी धरून चालले.

माळ

मी फोन केला आणि दिलीप-संगीता गाडीनं आले. संगीतानं ऐकल्याबरोबर सांगितलं, "कावीळ हाय, आत्या. माझ्या भावाला अशीच झालती." सासूला ती आत्या म्हणते, तिच्या माहेरची पद्धत.

मी म्हटलं, आधी रक्त तपासू. दिलीप म्हणाला, "आई, काविळीवर डॉक्टरकडं औषध हाय का? लोकं दवाखान्यातून उठून माळ घालायला जातात." शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. मी एकटी पडले.

मांजरसुंब्याच्या अलीकडं एक जण काविळीची माळ घालतो. कसल्याशा झाडाच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात आणि सुरुवातीला ती माळ इतकी लहान असते की फक्त डोक्यावर बसते. कावीळ उतरेल तशी माळ वाढते, गळ्यात येते, छातीवर येते, असं मानतात. त्या माणसानं माळ घातली आणि पथ्य सांगितलं: तेल, तिखट, हळद बंद, उसाचा रस आणि शहाळ्याचं पाणी भरपूर. येताना दिलीपनं हायवेवरच्या रसवंतीत गाडी थांबवली आणि डिकी भरून शहाळी घेतली.

माळ खरंच वाढली. संध्याकाळपर्यंत ती डोक्यावरून गळ्यात आली. संगीतानं हात जोडले. "बघा आत्या, उतरायली."

मी मुलीच्या पायांकडं बघत होते. मोज्याच्या कडेची खूण मांसात रुतून राहिली होती. त्यानंतरच्या सकाळी चेहरा सुजला, आणि दिवसभरात लघवी जवळजवळ झालीच नाही. एवढा रस, एवढी शहाळी जात होती कुठं?

मी दिलीपला खिडकीपाशी बोलावलं, ऋतुजाची खालची पापणी ओढून धरली आणि म्हटलं, "हिच्या डोळ्यांत बघ. कावीळ असेल तर पिवळं कुठं आहे?"

त्यानं वाकून बघितलं. मग गाडीची किल्ली उचलली.

कारण काय?

दवाखान्यात पहिलं काम सिस्टरनं केलं. कात्रीनं माळ कापली आणि ट्रेमध्ये टाकली. संगीतानं ती उचलून पर्समध्ये ठेवली. फेकायचा धीर तिला झाला नाही.

रिपोर्ट आले तेव्हा ते इंग्रजीत म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी आकडे वाचले, शेजारी छापलेली मर्यादा वाचली आणि कागद घडी करून डॉक्टरांच्या हातात दिला. मला ते मोठ्यानं म्हणवलं नाही.

डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. "प्यायला काय देताय?"

संगीतानं सांगितलं.

"रस बंद. शहाळं बंद. केळंसुद्धा नाही. त्यातलं पोटॅशियम एरवी चांगलं, पण किडनी बंद असताना ते रक्तात साचतं आणि हृदयावर येतं. आजच डायलिसिस करावं लागेल."

"म्हणजे आता कायमचं?" संगीतानं विचारलं.

"ते आज सांगता येत नाही. किडन्या काही आठवड्यांत परत काम करायला लागतात. क्वचित नाही लागत."

यापुढचं सगळं त्या दोन वाक्यांच्या मध्ये घडलं असं समजा.

मग ते ऋतुजाकडं वळले. "बाळ, स्नायूंना जबर इजा झाली की असं होतं. तुटलेल्या स्नायूतलं द्रव्य किडनीत जाऊन अडकतं. कुणी मारलं का? कुठून पडलीस? खूप व्यायाम केलास?"

"कबड्डी."

"कबड्डीनं एवढं होत नाही."

ती छताकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "आजी, ही काहीतरी लपवतेय. नक्की कारण कळेपर्यंत मला साप, विष, औषध सगळ्यांचा विचार करावा लागेल."

दिलीप आत जाऊन तिच्यावर ओरडला. "काय केलं ते सांग. सांगत काहून न्हाईस?" ती आणखीनच मिटली.

मशीन

डायलिसिसबद्दल तुम्ही वाचाल, म्हणून मी फक्त वाचायला मिळत नाही ते लिहिते. मानेत नळी घालताना ती रडली नाही, पण तिनं माझी बांगडी इतकी घट्ट धरली की ती फुटली. मशीन सुरू झाल्यावर थंडी वाजते. जाडं पांघरूण घरून न्यावं, दवाखान्यातलं पुरत नाही. पाणी मोजून मिळतं. तहान हाच तिथला मोठा छळ. सिस्टर कधी बर्फाचा लहानसा खडा द्यायच्या आणि तो जिभेवर ठेवून ऋतुजा डोळे मिटायची. रोज सकाळी वजन करायचं. वजन वाढलं की पाणी साचलं, म्हणजे वाढलेल्या वजनाचा धसका घ्यायचा. आजवर मुलांचं वजन वाढावं म्हणून आपण धडपडलो.

शेजारच्या खाटेवर रझिया आपा असायच्या. गेली कित्येक वर्षं आठवड्याच्या ठरलेल्या वारी येणाऱ्या. दिलीप मशीनसमोर उभा राहून तिच्या दिव्यांकडं बघत राहायचा, तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, बसा की जरा. तुमी बगितलं म्हनून मशीन रगत लवकर धुत न्हाई."

ऋतुजा हसली. कित्येक दिवसांनी. मग आपा तिला म्हणाल्या, "तू इतं कायमची राहू नको हां. माजा कोपरा हाय हा."

तुमच्या मामीनं त्याच दुपारी डॉक्टरांना गाठलं. मी मागं होते, तिला माहीत नव्हतं. ती विचारत होती, "माझी एक काढून घेतली तर चालतंय का? रक्त तपासा माझं." डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर तो विषय नको. ती म्हणाली, "तपासून तर ठेवा."

आमच्या दोघींतही ठिणगी उडाली. "आत्या, माळेच्या वेळी तुमी जोरात बोलायला पायजे होतं."

"मी बोलले होते."

"बोललात. जोरात न्हाई."

त्या दिवसांत घरातला प्रत्येक जण दोष ठेवायला जागा शोधत होता.

पूजा

सकाळच्या राउंडला डॉक्टर आपल्या सहकाऱ्याला ऋतुजाची केस समजावत होते. ते म्हणाले, "लघवी काळी दिसली त्याच दिवशी आणली असती तर कदाचित नुसत्या सलाइनवर भागलं असतं."

ते पुढच्या खाटेकडं गेल्यावर ऋतुजानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "आजी, दुसऱ्या कुणाला असं झालं असंल, आन् ती घरीच बसली असंल, तर?"

"तर तिलाही लगेच आणावं लागेल. कुणाला?"

तिचे ओठ हलले. "पूजाला. तिनं पण काढल्या."

"काय काढल्या?"

"उठाबशा."

नंतर ती थांबत थांबत सगळं बोलली. गणिताच्या चाचणीत चुकलेल्या उत्तरांबद्दल दोघींना सरांनी वर्गासमोर उभं केलं होतं. कान धरून उठाबशा. वर्गातल्या मुली मोठ्यानं मोजायच्या. खाली नीट बसलं नाही किंवा मध्ये थांबलं की सर "पुन्हा पयल्यापासून" म्हणायचे. तास संपला, पुढचा तासही त्यांचाच होता. शेवटी पूजा खाली पडली आणि मुली हसल्या. ऋतुजानं तिला उठवलं, म्हणून ऋतुजाच्या आणखी वाढवल्या.

"अगं, मग तू घरी सांगितलं का नाहीस? डॉक्टरांनी इतकं विचारलं."

"पप्पा ॲडमिशनच्या वेळी सरांना म्हणले होते, 'सोडू नका हिला. मारलं तरी आमी विचारायला येणार न्हाई.' मी तिथंच उभी होते." तिचा आवाज अगदी साधा होता. "मग सांगून काय होणार होतं? शाळेतली शिक्षा झाली, वर घरी परत एकदा. पप्पांना तू हे सांगू नको."

निनाद, मुक्ता, तुम्हाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडं कित्येक बाप मुलाला शाळेत घालताना असं म्हणतात. गुरुजींना मान देण्याची ती एक रीत आहे. म्हणणाऱ्याला वाटतं, नुसतं बोलायचं असतं. मुलगा किंवा मुलगी शेजारी उभी असते.

मी डॉक्टरांना कारण सांगितलं. दिलीपला फक्त उठाबशा आणि पूजा सांगितली. बाकीचं तिच्या शब्दाखातर पोटात ठेवलं आणि ते ठेवणं मला फार जड गेलं.

पूजाचे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. ती पाय दुखतात म्हणून गावी आजीकडं जाऊन बसली होती आणि आजीचा फोन लागत नव्हता. दिलीप तसाच गाडी घेऊन निघाला. त्या दुपारी मी एकदा ऋतुजाच्या मशीनकडं आणि एकदा दाराकडं बघत होते. ऋतुजा सारखी विचारत होती, "आले का?"

पूजा आली ती दिलीपच्या खांद्याला धरून, पाय ओढत. लघवी गढूळ होती, पण होत होती. तिच्या किडन्या चालू होत्या. सलाइनवर ठेवली आणि ती आठवड्याच्या आत घरी गेली. तिची आजी जाताना ऋतुजाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली. "लई उपकार झाले गं माय तुझे." ऋतुजा म्हणाली, "आजी, तिला भरपूर पानी पाजा. तिला चालतंय."

शहाळी

पूजाला आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले. सोबत संस्थेचे एक गृहस्थ, दिलीपच्या लांबच्या नात्यातले, हातात शहाळ्यांचा घड घेऊन. सिस्टर दारातच म्हणाल्या, "ते बाहेर ठेवा. हिला चालत न्हाई."

गृहस्थांना काय करावं कळेना. घड हातातच राहिला.

मुख्याध्यापक खाटेपाशी आले. "आमची हुशार मुलगी. कसं वाटतंय आता?" ऋतुजानं चादर हनुवटीपर्यंत ओढली.

मग ते दिलीपला म्हणाले, "सरांचा हेतू वाईट नव्हता हो. निकाल लागावा म्हणूनच करतात ते. आता पोलीस वगैरे म्हटलं की शाळेचं नाव जातं, मुलीचाही बोभाटा होतो. आणि दिलीपराव, ॲडमिशनला तुम्हीच म्हणला होतात की, सोडू नका, मारलं तरी विचारायला येणार न्हाई. मी समोर होतो."

ते हसत होते. नात्यातले गृहस्थही थोडे हसले.

दिलीप मुख्याध्यापकांकडं बघत नव्हता. तो ऋतुजाकडं बघत होता. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. त्याला सगळं समजत जाताना मी पाहिलं. कबड्डी, बंद तोंड, त्याचं ओरडणं, सगळं.

"म्हणलो होतो," तो म्हणाला. "ही शेजारीच उभी होती तवा."

"तेच तर म्हणतोय मी."

"आता विचारायला आलोय म्हणा. पोलिसात तक्रार देणार हाय. मी काय म्हणलो होतो तेबी त्यात लिहून देणार. तुमी समोर होतात, तुमी साक्षीला या."

"दिलीपराव, आपण सोयरिकीतली माणसं," गृहस्थ म्हणाले.

"शहाळी घेऊन जावा, मामा."

ते गेले. दिलीप खाटेच्या पायथ्याशी बसला. रझिया आपांनी सिस्टरला हाक मारून पंखा कमी करायला सांगितला.

तक्रार दिली. लगोलग नातेवाइकांचे फोन सुरू झाले. चार उठाबशांपायी मास्तरच्या पोटावर पाय देता का. आमी बी मार खाल्ला, मेलो का. पोरीचं लग्न व्हायचंय. दिलीप प्रत्येकाला एकच सांगायचा, "दवाखान्यात या, मशीन बघा, मग बोला." आलं कुणी नाही.

भांडं

आणि लघवी अजून होत नव्हती. हे सगळं चालू असताना मूळ प्रश्न तिथंच होता. मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं खाटेखाली कोरडं पडलेलं असायचं. डॉक्टर येऊन त्याच्याकडं बघायचे, मग रिपोर्टकडं, मग "उद्या पाहू." उद्या हा शब्द मला नकोसा झाला. रझिया आपांच्या हातावरची, डायलिसिसच्या सुया घालायची फुगलेली शीर मी पाहायची आणि नजर वळवायची. ऋतुजाही तिकडंच बघत असायची. एकदा तिनं आपांना विचारलं, "दुखतंय का रोज?" त्या म्हणाल्या, "सवय होती. पन तुला सवय करायची न्हाई."

एका दुपारी संगीता ते भांडं दोन्ही हातांत धरून व्हरांड्यातून येताना दिसली. देवळातून तीर्थ आणावं तशी सावकाश, सांडू न देता. तळ जेमतेम झाकला गेला होता. रंग अजून मळकट. तिनं ते सिस्टरला दाखवलं, मला दाखवलं, दिलीपला दाखवलं. रझिया आपा म्हणाल्या, "मला बी दावा की." त्यांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

पुढच्या दिवसांत ते वाढत गेलं. मग इतकं वाढलं की आता पाणी कमी पडू नये म्हणून तिला प्यायला लावावं लागलं. पहिला पूर्ण ग्लास ती एका दमात प्यायली. डायलिसिस लांबत लांबत थांबलं आणि मानेतली नळी निघाली. निघताना तिला आपांना भेटायचं होतं, पण तो त्यांचा वार नव्हता.

घरी

परवाच्या रिपोर्टमधले आकडे छापलेल्या मर्यादेत आहेत. या वेळी मी ते मोठ्यानं वाचले. डॉक्टर म्हणाले, किडन्या पूर्ण सावरल्या आहेत. तरी पुढची काही वर्षं वरचेवर तपासणी, रक्तदाबावर लक्ष, आणि दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही. मांड्यांत अजून जोर कमी आहे. ती जिना सरळ उतरते, पण हळू. शाळा बदलली आहे. गणिताचं पुस्तक अजून उघडत नाही. मीही उघडायला सांगत नाही. त्या सरांना निलंबित केलं आहे आणि चौकशी चालू आहे. चौकशीचं पुढं काय होईल ते मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात चौकशीसाठी एक बाई घरी आल्या. ऋतुजाचा जबाब हवा होता. दिलीप आणि संगीता मुद्दाम कड्याहून आले होते. बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि सवयीनं दिलीपच बोलायला लागला, "त्या दिवशी काय झालं, की..."

"पप्पा, मी सांगते," ऋतुजा म्हणाली.

तो थांबला. तिला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून मी उठले, संगीता उठली, तोही उठून दारापर्यंत आला.

"पप्पा," तिनं मागून हाक मारली. "तुमी जाऊ नका. तुमी ऐका."

दिलीप परत गेला आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तुमची,
आजी